पुष्पाबाईंची सही

शालिग्रामआप्पा तीस वर्षं कतारगामच्या लूमखात्यात, कापडाच्या यंत्रमागांवर आहेत. त्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. कारखान्यातून घरी आले तरी लूम कानात वाजतच राहतात. "तानपुरा लागला का तेवढा वखत ते गप बसतस," असं ते सांगतात. म्हणून शहरात शास्त्रीय गाण्याचा फुकट कार्यक्रम असला की आप्पा पहिल्या रांगेत, अगदी कडेला.

त्यांच्याकडे सह्या घेतलेल्या फोटोंचा अल्बम आहे. त्यात गायक एकही नाही. मागे तानपुरा घेऊन बसणारी माणसंच आहेत. एका वर्षी मोबाइलवर फोटो काढायचा, स्टुडिओतून मोठा करून घ्यायचा, पुढच्या वर्षी ते माणूस आलं की सही मागायची. त्यांच्या बायको, शोभाकाकू, हसतात. "यासले नवरदेव दिसत नही, वऱ्हाडी दिसतस!"

मी त्यांच्या शेजारी राहतो. मला वाटायचं, मोठ्या कलाकारांजवळ जायला आप्पांना भीड वाटत असणार.

गेल्या वर्षी दरसालच्या कार्यक्रमाच्या आठवड्यात त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. त्यांनी मला बोलावलं. पिशवीतून फोटो काढला. मधोमध पुष्पाबाई, तानपुऱ्याला गाल टेकवलेल्या. गाणारे पंडितजी कोपऱ्यात अर्धेच आले होते.

"पुष्पाबाईनीच सही लई ये. त्या आते थांबी ऱ्हायन्यात. हाऊ शेवटना कार्यक्रम."

"आप्पा, तुम्हीच चला ना, रिक्षा करू."

"तू बीए शे ना? तुले बोलता येस," काकू म्हणाल्या. "यासले जिना कोन चढाई?"

कार्यक्रम संपला. रंगमंचामागे पंडितजींभोवती गर्दी होती. मी विचार केला, आप्पांना एकदा तरी मोठी सही मिळू दे. फोटो पंडितजींपुढे धरला. त्यांनी न बघताच मार्कर चालवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत. पुष्पाबाईंच्या चेहऱ्यावरून.

त्या दोन पावलांवर तानपुऱ्याला गवसणी घालत होत्या. फोटोकडे बघत होत्या. मी घाईनं त्यांच्याकडे वळलो.

"ताई, तुमचीही..."

"आता कुठं करू?" त्या हसल्या आणि गवसणीची नाडी बांधू लागल्या.

घरी आप्पांनी फोटो उजेडात धरला.

"दुसरी प्रिंट काढतो," मी म्हणालो. "पत्ता मिळवतो, पोस्टानं पाठवतो."

"नको."

"आप्पा, सही येईल ना घरी!"

"मागला वर्षी फोटो काढा, तवय तिले सांगेल व्हतं. पुढला साल तुमनी सही मांगाले येसू. तिले खरं वाटनं नही. माझी कशाला, म्हने." आप्पांनी फोटो पिशवीत ठेवला. "पंडितजीसना देखत कोनी तरी तिना कडे जावाले पाहिजे व्हतं रे. माले सही घीसन काय करनं शे?"

म्हणजे त्या वाट बघत होत्या. आणि तो फोटो त्यांनी ओळखला होता.

काकूंनी मला चहा दिला. मी तो प्यायलो.

यंदा आप्पा मला बरोबर घेऊन गेले. पंडितजी तेच होते. त्यांच्या मागे कोणी बसलं नव्हतं. डब्याएवढं एक यंत्र ठेवलं होतं, त्यातून तानपुरा वाजत होता. सूर अगदी नीट लागला होता. आप्पांनी मोबाइल वर धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि खिशात टाकला.