नलूताईंचा अभिप्राय

त्या बुधवारी दुपारी अलकापुरीतल्या ऑफिसात डबा खात बसले होते, तेवढ्यात फोनवर नलूताईंचं नाव उमटलं. मला वाटलं, मालिकेच्या नव्या भागावरचा अभिप्राय आला. आमच्या चौघींच्या ग्रुपवर त्यांचाच सगळ्यात आधी यायचा. उघडलं तर त्यांच्या फोनवरून त्यांच्या भाच्यानं लिहिलं होतं, 'आत्या आज सकाळी गेली. झोपेतच.' घास हातातच राहिला... खरं सांगते, आधी दुःख झालं नाही, भीती वाटली. चारच दिवसांपूर्वी त्यांनी मला काहीतरी सांगितलं होतं आणि मी शहाणीनं ते हसण्यावारी नेलं होतं.

नलूताई भरतनाट्यम शिकवायच्या. अर्धं बडोदं त्यांना नलूबेन म्हणायचं, आम्ही मराठी घरातले तेवढे नलूताई. एक खोली, एक लाकडी फळी आणि त्या फळीवर ताल धरायची आखूड काठी, एवढाच संसार. नियम एकच. काठी थांबली की पाय थांबले पाहिजेत, मग ते हवेत का असेनात. मग त्या गुजरातीत 'बस हवे', म्हणजे आता पुरे, म्हणायच्या आणि मुली पाण्याकडे धावायच्या. माझी मुक्ता सातव्या वर्षापासून त्यांच्याकडे. आता सोळाची झाली, मंचप्रवेश, तिचा पहिला एकटीचा जाहीर कार्यक्रम, महिन्यावर आला होता. हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

ती बॅले नाचणाऱ्या मुलींची मालिका बघायचं खूळ माझंच. परदेशातली, काळीकुट्ट मालिका. प्रत्येकीनं आपापल्या घरी बघायची आणि ग्रुपवर मत लिहायचं, असं आमचं चाललं होतं. ग्रुपमधल्या वीणाला ती भडक वाटायची. पायातून रक्त काय, उपाशी राहणं काय, काहीतरीच, असं तिचं म्हणणं. शैलाला त्यातले कपडे आवडायचे. मी दर वेळी लिहायचे, अंगावर काटा येतो पण सोडवत नाही. नलूताई मात्र फक्त पायांवर लिहायच्या. हिचा डावा घोटा सुजलाय, ती वजन उजवीकडे टाकतेय, आईला दिसत कसं नाही? अहो, ती नटी आहे, असं म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो.

पाचव्या भागात शिक्षिका तापानं फणफणलेल्या मुलीला स्टेजवर ढकलते. वीणानं लिहिलं, ही सगळी तिकडची थेरं, आपल्याकडे गुरू आईसारखी असते. त्यावर नलूताईंचं उत्तर आलं, 'आपल्याकडेही होतं. मी केलंय.' त्याखाली कोणीच काही लिहिलं नाही. संध्याकाळी शैलानं श्रीखंडाचा फोटो टाकला आणि आम्ही सगळ्या सुटलो.

त्याच आठवड्याच्या शनिवारी मुक्ताला क्लासवरून आणायला गेले, तर त्यांनी तिला खाली पाठवून मला थांबवून घेतलं. डभोईहून बसनं येणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं सांगू लागल्या. तिचा पाय दुखत होता, कार्यक्रम आठवड्यावर होता आणि यांनी तिला नाच म्हटलं होतं. ती अजून लंगडते म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मुक्ता मला पायाचं खोटं सांगते गं. काठी थांबली तरी हल्ली ती थांबत नाही. कार्यक्रम पुढे ढकल."

मी हसले. सिरियल फार मनावर घेतलीत तुम्ही, आता तुम्हाला काहीतरी विनोदी दाखवते म्हटलं. त्या हसल्या नाहीत. "मला भीती वाटते," एवढंच म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं, तरी जिना उतरून सरळ घरी आले.

तेराव्यानंतर भाचा काठी आणि फळी मुक्तासाठी देऊन गेला. तिनं दोन्ही टीव्हीशेजारी ठेवली आणि जाहीर केलं, आता तर नाचणारच, ताईंसाठी. सगळ्यांनी कौतुक केलं. अशा वेळी आईनं नाही कसं म्हणायचं? मी मात्र लेकीवर चोरून नजर ठेवायला लागले. न्हाणीघरात अर्धा अर्धा तास कडी. पलंगाखाली क्रेप बँडेजच्या गुंडाळ्या. डब्यातली पोळी गेटावरच्या कुत्र्याला जाते, हे वॉचमनकडून कळलं. विचारलं की "काही नाही गं, आई." पाचवा भाग पुन्हा लावला, तर त्यातली मुलगीही अगदी तेच म्हणत होती. मी टीव्ही बंद केला.

गेल्या रविवारी सकाळी ती घरातच, हॉलमध्ये फोनवर ताल लावून सराव करत होती. डावा पाय अर्धाच पडत होता, मलासुद्धा कळत होतं. मी फळीसमोर मांडी घातली, फोन बंद केला आणि काठी उचलली. मला तालातलं ओ की ठो कळत नाही. नुसती ठोकत राहिले. तिनं एकदा बघितलं आणि नाचत राहिली. मग मी काठी थांबवली.

पाय थांबले नाहीत. ती माझ्याकडे बघतच नव्हती. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"बस हवे," मी म्हटलं.

उचललेला पाय तसाच राहिला. मग हळूच खाली आला, आणि ती जमिनीवर बसली. "खूप दुखतंय गं, आई..."

एक्स-रेमध्ये घोट्याच्या हाडाला बारीक चीर निघाली. कार्यक्रम रद्द केला. जेवताना आता मी तिच्या समोर बसते. मला तिचा राग येतो, मग रडू येतं, मग दोघी जेवतो. घरात कुणाचं पाऊल जोरात पडलं तरी मी अजून दचकते. काठी टीव्हीशेजारीच आहे, तिला कोणी हात लावत नाही.

ग्रुपवर नलूताईंच्या त्या 'मी केलंय'ला अजून कोणीच उत्तर दिलेलं नव्हतं. काल मी दिलं. लिहिलं, 'मीही, नलूताई.'