आयुधपूजा आणि आमची प्रायव्हेट लिमिटेड

आमच्या कंपनीत दोन डायरेक्टर आहेत. एक मी, आणि दुसरी माझी आई, जिला ही कंपनी नेमकं काय करते ते अजून नीटसं माहीत नाही.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे, त्यामुळे आईला अम्मा म्हणतो आणि वडिलांना अप्पा. आजोबा कापडावर ठसे उमटवायचे, अप्पा त्याच कापडाचे ब्लाउज शिवतात, आणि मी (घरातला पहिला पदवीधर!) बेंगळुरूला एका ऑफिसात खुर्चीवर बसून पाठ आखडून घ्यायचो. घरातच असलेल्या अप्पांच्या दुकानात रोज बायका यायच्या, "झाला का?" विचारून परत जायच्या. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी बसून एक साधं सॉफ्टवेअर केलं. कपडा शिवून झाला की एक बटण दाबायचं, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर निरोप जातो: तुमचे कपडे तयार आहेत, घेऊन जा. खाली अप्पांचा टेप गळ्यात घातलेला फोटो.

शेजारच्या दोन टेलरांनी ते मागितलं, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. नोकरी सोडली. कंपनी काढायला निघालो, तर दोन डायरेक्टर लागतात म्हणे. अप्पांनी हात जोडले. "मी डायरेक्टर झालो तर काजं कोण करणार?" मग अम्मा झाली. सही करताना तिने एकच विचारलं, "यात मला सांगायचा अधिकार असतो का?"

"असतो की," मी म्हणालो. (इथे चुकलो.)

दसऱ्याला पुण्याचे बापट सहकुटुंब म्हैसूर बघायला आले. त्यांची शिलाईची दुकानं आहेत, बरीच. त्यांना आमचं सॉफ्टवेअर बघायचं होतं, पण सवड फक्त महानवमीच्या सकाळी. ते 'हो' म्हणाले तर कंपनी उभी राहणार होती. 'नाही' म्हणाले तर मला जुन्या साहेबाकडे जावं लागणार होतं, ज्याने निरोप देताना पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, "तुझी खुर्ची इतक्यात कुणाला देत नाही."

महानवमी म्हणजे आमच्याकडे आयुधपूजा. सकाळी अम्माने पाटावर आजोबांचे लाकडी ठसे मांडले, शेजारी अप्पांची कात्री. शिलाई मशीनला झेंडूची माळ. ते बघून मला भरून आलं. तीन पिढ्यांची आयुधं एका ओळीत हवीत! मी स्वतःच्या हाताने लॅपटॉप उघडून त्या ओळीत ठेवला. बापटांना दाखवायचं पान तयारच होतं: 'सर्वांना निरोप पाठवायचा?' खोटी नावं भरायचा कंटाळा केला होता, म्हणून यादी अप्पांच्या खऱ्या गिऱ्हाइकांची होती. एन्टर काही दाबायचं नव्हतं, नुसतं दाखवायचं होतं.

स्कूटरलाही हार घातलेला, तो चुरगळू नये म्हणून मी बापटांना आणायला पायीच निघालो. दृष्ट काढून रस्त्यावर फोडलेल्या कोहळ्यांतून वाट काढत, त्यांना आमची संस्कृती समजावत परत आलो. बापटांना खुर्ची दिली, बाह्या मागे सारल्या आणि लॅपटॉपकडे हात नेला.

"श्रीधरा! हात काढ!"

"अम्मा, पाच मिनिटं."

"पूजेला बसलंय ते. उद्या विजयादशमीला उठणार. तोवर कुणी हात लावायचा नाही."

आता आठवलं! बेंगळुरूच्या ऑफिसात पूजा म्हणजे कुंकवाचं बोट लावायचं, फोटो काढायचा आणि त्याच बोटाने पुढची मेल टाकायची. घरची रीत मी साफ विसरलो होतो. सॉफ्टवेअरचं दुकानदाराचं पान मोबाईलवर उघडत नव्हतं (ते काम 'लवकरच' होणार होतं), म्हणजे सगळं त्या पाटावरच.

"अम्मा, कंपनीचा प्रश्न आहे गं!"

"मग? मी डायरेक्टर आहे की नाही? सुम्ने बस."

सुम्ने म्हणजे गप्प. मी आशेने बापटांकडे पाहिलं.

"आमच्याकडेही खंडेनवमी असते," ते चाचरत म्हणाले, "पण आम्ही पूजा झाली की..."

"म्हणजे तुम्हाला सांगायलाच नको!" अम्मा खूष झाली आणि तिने त्यांच्या ओंजळीत चुरमुरे-डाळ्यांचा प्रसाद ओतला. ओंजळ भरलेला माणूस वाद घालू शकत नाही.

तेवढ्यात दारात पद्मक्का उभ्या. "मास्टर, निरोप आला की! कुठाय माझा ब्लाउज?"

"निरोप? मी कुठे पाठवला?" अप्पा गडबडले.

"अय्यो, हा काय तुमचा फोटो!"

त्यांच्यामागे सुमक्का. सुमक्कांमागे त्यांची नणंद. मग जिन्यात, मग फाटकाशी, मग रस्त्यावर. प्रत्येकीच्या हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये हसणारे अप्पा! खरे अप्पा मात्र भिंतीला टेकले होते.

"झालेत, झालेत. फक्त हुक लावायचेत," ते म्हणाले. (टेलरांच्या भाषेत याचा अर्थ, कापड अजून पिशवीतच आहे.)

"मग लावा ना आत्ता! उद्या मिरवणुकीला काय घालू?"

अप्पांनी नुसतं माळ घातलेल्या मशीनकडे बोट केलं. "हात लावू? तुम्हीच सांगा, पद्मक्का."

पद्मक्कांनी जीभ चावली. त्यांच्या घरची रिक्षा सकाळपासून केळीच्या खुंटांत उभी होती, म्हणूनच तर त्या चालत आल्या होत्या.

"पण निरोप पाठवला कुणी?" मी ओरडलो आणि पाटाकडे वाकलो. हात न लावता, फक्त डोळ्यांनी. कीबोर्डवर, बरोब्बर एन्टरवर, शेंडी वर करून एक गलेलठ्ठ नारळ बसला होता.

"सगळ्यांना फुलं मिळाली," अम्मा म्हणाली, "तुझं आयुध नवीन, म्हणून त्याला नारळ दिला."

मी बापटांसमोर जाऊन उभा राहिलो. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते बायका मोजत होते.

"या सगळ्या एका निरोपावर आल्या?"

"हो, पण..."

"सणाच्या दिवशी? चालत?"

"चूक झाली हो..."

"अहो, चूक कसली! आमच्याकडे शिवलेले कपडे दोन-दोन दिवाळ्या पडून राहतात. फोन केला की 'येते हं' म्हणतात, येत कुणी नाही. हे उद्याच पुण्याला सुरू करायचं!"

"एकदा स्क्रीन तरी बघा..."

"कशाला? चालताना बघितलं की."

अम्माने प्रत्येकीला हळदीकुंकू आणि चुरमुरे देऊन, डायरेक्टरला शोभेल अशा आवाजात, उद्या दुपारच्या आत ब्लाउज मिळतील असं जाहीर केलं. अप्पांना न विचारता. विजयादशमीला भल्या पहाटे माळ उतरली आणि मशीन धडधडायला लागलं. हुक लावायला मी बसलो. निम्मे उलटे लावले. पद्मक्का मिरवणूक बघायला पदर घट्ट लपेटून गेल्या, एवढंच सांगतो.

लॅपटॉपमधून अजून अक्षता निघतात. बापटांची दुकानं मात्र चालू झाली, पाठोपाठ त्यांच्या मेव्हण्याचीही. जुन्या साहेबाने शेवटी माझी खुर्ची दुसऱ्याला दिली.

विजयादशमीच्या दुपारी अम्माने तो नारळ फोडला. चटणीचा घास घेऊन ती समाधानाने म्हणाली, "चांगला होता रे, कामाला."

एवढं शिकलो, कंपनी काढली. पण असं ती माझ्याबद्दल अजून एकदाही म्हणालेली नाही!