प्रतिसादक क्रमांक सतरा

माझ्या नवऱ्याच्या नावामागे आता डॉक्टर लागतं, पण तसं कुणी म्हटलं की तो उठून जातो. मागच्या महिन्यात चर्चच्या आवारात आमच्या वसईच्या मंडळींनी त्याच्यासाठी केक आणला. वर 'डॉ. लेस्टर' असं क्रीमने लिहिलेलं. लेस्टरने सुरी हातात घेतली, केककडे बघितलं, आणि 'सॉरी हां' म्हणून पार्किंगकडे चालायला लागला. लोकांना वाटलं, याला शिंगं फुटली. वाटू दे. तो कसा माणूस आहे ते मी सांगते, कारण त्याच्या पीएचडीच्या पुस्तकातलं अर्धं टायपिंग माझं आहे आणि अर्धं पापही.

लेस्टर पहिल्यापासून अति सावध. आमच्या लग्नाच्या आधी त्याने काय काय बिघडू शकतं याची यादी केली होती: मांडव कोसळला तर, बँडवाले आले नाहीत तर, फादर आजारी पडले तर. नवरी रुसली तर काय, हे मात्र यादीत नव्हतं, आणि मी नेमकी रुसले. शारजात रोल्लाच्या आमच्या फ्लॅटमध्ये पासपोर्टच्या प्रती तीन ठिकाणी ठेवलेल्या आहेत. आमची लेक ऑड्री त्याला 'मिस्टर व्हॉट-इफ' म्हणते. दुबईत देराच्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत तो प्लॅनिंगला होता आणि प्रत्येक प्रोजेक्टचं रिस्क रजिस्टर त्याच्याकडे असायचं. म्हणजे धोक्यांची वही. मोठा धोका लाल, मधला पिवळा, काळजी नसलेला हिरवा.

या वहीनेच त्याला नादाला लावलं. तो म्हणायचा, "पॅम, दर मीटिंगला सगळं हिरवं असतं गं. साइटवर जाऊन बघ, एक गोष्ट हिरवी नाही." मीटिंगमध्ये मॅनेजर विचारणार, काही प्रॉब्लेम? सगळे म्हणणार, इन्शाल्ला होऊन जाईल. खलास. इथे वीस देशांची माणसं एका टेबलाला बसतात आणि वरच्या साहेबाला वाईट बातमी द्यायची नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. लेस्टरला हे खुपायला लागलं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने नोकरी सांभाळून पीएचडीला नाव घातलं. विषय होता, आखातातल्या प्रकल्पांमध्ये जोखीम आणि संस्कृती. सोप्या मराठीत सांगायचं तर, धोका दिसत असूनही माणसं गप्प का बसतात.

मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. शुक्रवारी अर्धा दिवस ऑफिस झालं की हा रेकॉर्डर घेऊन कंपनीच्याच साइट्सवर मुलाखती घ्यायला जायचा. बत्तीस मुलाखती घेतल्या. नाव कुणाचंच लिहायचं नाही, फक्त प्रतिसादक एक, प्रतिसादक दोन. नावांची यादी वेगळ्या फाइलमध्ये, कुलूप घालून. हिंदी-मराठी मुलाखती ऐकून टाइप करायचं काम माझ्याकडे होतं.

सतरा नंबर म्हणजे किसन. लांज्याकडचा, फुजैराला तेलाच्या टाक्या धुणाऱ्या टोळीत. मी त्याला कधीच पाहिलं नाही. पण एकेक वाक्य चारचार वेळा मागे नेऊन ऐकलं की आवाज घरातला होतो. बोलायच्या आधी किसन थोडं हसायचा. पहिलं वाक्य होतं, "साहेब, तीन वर्षांत मला मराठीत कुणी काय विचारलं नाही. तुम्ही पहिले."

लेस्टरने यादीतला प्रश्न विचारला, धोका दिसला तर कुणाला सांगता?

"फोरमनला. पण फोरमनचंच काय असलं तर? तो आमच्या शेजारच्या वाडीतला. त्यानंच मला हितं आणला. माझ्या भनीच्या लग्नात पंगतीत वाढत होता तो. त्याला साहेबापुढं मान खाली घालायला लावू?"

मग स्वतःहूनच पुढे बोलला. टाकीत उतरायच्या आधी आत गॅस आहे का ते मीटरने बघतात. तो मीटर बिघडलाय. "कधी पण बगा, शून्य. माजं डोकं गरगरतंय, बाजूचा गडी ओकतोय, आणि मीटर म्हणतो शून्य. मग कागदावर सही, यल्ला, उतरा खाली."

लेस्टर घरी आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. चप्पल काढायच्या आत म्हणाला, "पॅम, हे मिळालं मला. माझा सगळा थीसिस या एका माणसात आहे." मी म्हटलं, "अरे, पण त्या मीटरचं काय?" तो म्हणाला, "मी संशोधक म्हणून गेलोय तिथे. सेफ्टी ऑफिसर नाही. टोळीत सहाच माणसं आहेत, मी बोललो तर कुणी सांगितलं ते त्या फोरमनला पाच मिनिटांत कळेल. मी त्याला लिहून दिलंय, तुझं नाव फुटणार नाही." त्याचंही खरंच होतं. किसननेच सांगितलं होतं, नाव येऊ देऊ नका.

पण त्याने आणखी काहीतरी सांगितलं होतं. प्रश्न संपले, लेस्टरने आभार मानले, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रेकॉर्डर बंद करायचा राहिला होता. त्यात किसन म्हणतो, "नाव नको साहेब, पण मीटरचं तेवढं बगा." आणि माझा नवरा म्हणतो, "हो हो, बघतो ना."

कुणाला तोंडावर नाही म्हणवत नाही आपल्याला. माणसं साहेबाला 'हो' कशी म्हणतात यावर लेस्टरने एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, आणि स्वतः तेच केलं. मी ते वाक्य टाइप केलं होतं. लेस्टर म्हणाला, शेवटच्या प्रश्नानंतरचं घ्यायचं नसतं, ते मुलाखतीत धरत नाहीत. मी काढून टाकलं. दोन ओळी तर होत्या. नंतर मी भाजी फोडणीला टाकायला गेले.

त्याने तो उतारा गाईडला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, फारच बोलका उतारा, चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला घ्या. मीटरबद्दल त्यांनीही काही विचारलं नाही. मुलाखतीआधी जो संमतीचा कागद देतात, त्याचं मराठी लेस्टरनेच केलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय की कुणाच्या जिवाला धोका असल्याचं समजलं तर गुप्तता पाळली जाणार नाही. तो कागद त्याने बत्तीस वेळा मोठ्याने वाचून दाखवला होता.

मुलाखत झाली नोव्हेंबरात. फेब्रुवारीत ऑफिसमध्ये मेल आला, फुजैराच्या साइटवर टाकीत उतरलेला एक कामगार गुदमरून गेला. खाली नाव होतं. लेस्टरने कुलूपवाली फाइल उघडून बघितली. उघडायची गरज नव्हती, त्याला माहीत होतं. घरी येऊन तो बुटांसकट पलंगावर बसला आणि म्हणाला, "सतरा गेला." मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, "किसन म्हण. निदान आता तरी किसन म्हण."

आणि मग आम्ही काय केलं? काहीच नाही. पुढच्या महिन्यात थीसिस द्यायचा होता, व्हिसा कंपनीचा होता, ऑड्रीची बोर्डाची परीक्षा होती. तो म्हणाला, आता सांगून तो परत येणार आहे का? मी गप्प बसले. मी, जी त्याच्यावर ओरडले होते. जूनमध्ये तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी प्रतिसादक सतराचं खास कौतुक केलं.

नंतर लेस्टरने पोलिसांना मुलाखतीचं पूर्ण रेकॉर्डिंग दिलं, फुजैराला जाऊन जबाब लिहून दिला. त्याची नोकरी गेली. आता शिकवण्या घेतो. बरं केलं त्याने, पण ते सगळं एका फोननंतर. त्याच्या आधी आमच्यात तेवढी हिंमत नव्हती.

तो फोन आला परीक्षेनंतरच्या एका रविवारी दुपारी. आम्ही जेवत होतो. गावाकडचा नंबर. बाई म्हणाली, "मी कावेरी. किसनची मालकीण." लेस्टरचं नाव आणि नंबर त्या संमतीच्या कागदावर होता, आणि किसनने कागदाचा फोटो काढून तिला पाठवला होता. लेस्टरने फोन स्पीकरवर टाकला. मला वाटतं, एकट्याने ऐकायची त्याची ताकद नव्हती.

ती भांडायला आली नव्हती. उलट फार अदबीने बोलत होती. म्हणाली, "साहेब, कंपनीवाले म्हणतात, ह्यांनी मीटरची कधी तक्रारच केली नाही, माहीत असून उतरले, चूक त्यांची. पण तुम्ही येऊन गेलात त्याच दिवशी मला ह्यांनी फोन केला होता. लई खूश होते. म्हणाले, देराच्या हापिसातनं मराठी साहेब आले होते, सगळं लिहून घेतलं, रेकॉर्डसुद्धा केलं. आता मीटर बदलतील, तू काळजी करू नको. मी त्यांना म्हणत होते, ते टाकीचं काम सोडा, दुसरं बघा. त्यानंतर मीच म्हणायची थांबले. तर तुम्ही लिहून वर दिलंत, त्या कागदाची एक प्रत मला पाठवाल का?"

ऑड्रीने हातातला चमचा खाली ठेवला. लेस्टरने फोन जवळ ओढला. मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, खरं सांग रे, एकदा तरी कुणाला खरं सांग.

"ताई," तो म्हणाला, "मी ते वर दिलं नाही. मी कंपनीकडून आलो नव्हतो. माझा अभ्यास होता. मी कुणालाच काही सांगितलं नाही."

पलीकडे कुणीतरी अंगण झाडत होतं, खराट्याचा आवाज येत होता. कावेरीला बहुतेक समजलंच नाही. मग रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं तिने विचारलं, "मग साहेब, तुम्ही त्यांना विचारलंत कशाला?"