लाल न होणारी स्ट्रॉबेरी

नाशिकला, सातपूरच्या एका औषध कंपनीत मी एकोणीस वर्षं काढली. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमचं युनिट गुजरातला हललं. तुम्हीही चला, असं कंपनी म्हणाली होती. पण मुलीचं बारावीचं वर्ष होतं, घरी सासरे होते. मी नाही म्हटलं. पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी, कंपनीची बस यायच्या वेळी, मी चप्पल घालून फाटकात जाऊन उभी राहिले. कुठे जायचं नव्हतं. तशीच आत आले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

घरात माझ्यासारखंच आणखी एक माणूस होतं. माझे सासरे. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. वय सत्याहत्तर. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आमचं रो-हाऊस आहे, तिथून दोन किलोमीटरवर त्यांचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, वांगी, दसऱ्याला झेंडू. तीन भावांत वाटणी झाली, मग तिघांनी मिळून तो बिल्डरला दिला. आता तिथे सात मजले उभे आहेत. नाना आमच्याकडे आले तेव्हापासून फाटकापासून कोपऱ्यापर्यंत आणि कोपऱ्यापासून फाटकापर्यंत चालत असत. मी कामावर जात होते तोवर मला ते दिसलं नव्हतं. आता दिवसभर दिसायचं, आणि त्यांच्या चपलांच्या आवाजानं माझं डोकं उठायचं.

ऑक्टोबरात मी फोनवर बघून पांढऱ्या स्ट्रॉबेरीची सहा रोपं मागवली. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. सकाळी उठून बघायला काहीतरी हवं होतं. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली रोपं आली, मुळं सुतळीच्या तुकड्यांसारखी. नाना मागे येऊन उभे राहिले.

"हे काय मागवलंस?"

"पांढरी स्ट्रॉबेरी."

"पांढरी म्हंजे कच्ची."

"नाही नाना, पिकल्यावरसुद्धा पांढरीच राहते. फक्त वरचे बारीक दाणे लाल होतात."

"आन् माणसानं तोडायची कधी? पंचांग बघून?"

अंगणात मी कुंड्या मांडल्या. कंपनीत मी तपासणी विभागात होते, त्यामुळे वही केली, भिंतीला थर्मामीटर लावला, रोज दोन वेळा तापमान, किती पाणी, किती नवी पानं, सगळं लिहायला लागले. नाना वही बघायचे नाहीत. ते कुंडीत बोट खुपसायचे आणि म्हणायचे, "पाणी लय झालं." मी कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी ठेवायची, जेवून येते तोवर त्यांनी पश्चिमेला हलवलेल्या असायच्या. मी परत हलवायची. एकदा त्यांनी मूळ कसं धरलंय ते बघायला एक रोप चक्क उपटलं आणि परत खोचलं. माझा तोल गेला.

"नाना, हात लावू नका त्यांना! एवढं एक तरी माझं राहू द्या."

ते हात धोतराला पुसून फाटकाबाहेर गेले. पुढचे बरेच दिवस ते कुंड्यांकडे फिरकले नाहीत आणि माझ्याशी चहापुरतंच बोलले. माफी मागायची माझ्या मनात रोज यायचं. रोज मी वही उघडून बसायची.

डिसेंबरात फुलं आली, भरपूर. पण फळ धरलं ते वेडंवाकडं. एका बाजूनं फुगलेलं, दुसऱ्या बाजूनं आवळलेलं, वाळक्या बोरासारखं. मी खत बदललं, जागा बदलली. एका संध्याकाळी नाना लांबूनच म्हणाले, "त्याला जोडी पायजे."

"स्ट्रॉबेरीच्या एकाच फुलात दोन्ही असतं, नाना. दोडक्यासारखं नाही ते."

"असू दे. काही जातींना घरच्या घरी नाय जमत. दुसऱ्या जातीचं फूल शेजारी पायजे."

"बघू," मी म्हटलं. रात्री जेवणानंतर फोनवर वाचलं. त्यांचं बरोबर होतं. या पांढऱ्या जातीला शेजारी लाल स्ट्रॉबेरी असली तर फळ नीट धरतं, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी फोन बंद केला आणि त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझी फोनवर मुलाखत होती, अंबडच्या एका प्रयोगशाळेसाठी. सकाळपासून मी उत्तरं घोकत खोलीत येरझाऱ्या घालत होते. मुलाखत बरी झाली नाही. साडेबाराला जेवणाची पानं घेतली, हाक मारली, तेव्हा कळलं की नाना घरात नाहीत. चहाचा कप विसळून पालथा घातलेला. फोन चार्जिंगला लावलेला.

आधी कोपरा बघितला. मग देऊळ, मग किराणा दुकान, मग भाजीवाल्यांची रांग. कोणी बघितलं नव्हतं. नवऱ्याला फोन केला. तो नाशिक रोडला कामावर होता, निघतो म्हणाला. मी स्कूटर काढून मळ्याच्या जागेवर गेले. सात मजल्यांच्या फाटकावर वॉचमन बसला होता. मी वर्णन सांगितलं.

"ते आजोबा ना? येतात की अधूनमधून. त्या बाकड्यावर बसतात तासभर. आज नाही आले."

मला हे माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नव्हतं. मी त्या बाकड्याकडे बघत राहिले. समोर पार्किंग होतं, दुसरं काही नव्हतं. मग एकदम आठवलं, मी त्यांना काय बोलले होते ते. परत येताना गोदावरीच्या पुलावरून गाडी नेली आणि पाण्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

चारपर्यंत नवरा आणि मी दोघं दोन दिशांना फिरत होतो. पाचला तो म्हणाला, "आता पोलिसात जाऊ." मी त्यांचा फोटो शोधायला लागले, तर अलीकडचा एकही फोटो सापडेना. सगळ्यांत ते कडेला, अर्धे.

साडेपाचला फाटकाशी रिक्षा थांबली. नाना उतरले. खांद्यावर ओलं गोणपाट, धोतराला लाल माती.

"कुठे होतात?" नवरा ओरडला. "सांगून जाता येत नाही? फोन घरी, आम्ही दिवसभर वेड्यासारखे..."

"फोन चार्जिंगला हुता," नाना म्हणाले. "मी काय ल्हान पोर हाय का? सुरगाण्याकडं गेल्तो. म्हाताऱ्यांना एसटी फुकाट हाय."

सुरगाण्याच्या वाटेवर घाट चढून गेलं की हिवाळ्यात बायका रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे डबे घेऊन बसतात. त्यांतल्या एकीला विचारून, तिच्या वाफ्यापर्यंत चालत जाऊन, नानांनी लाल स्ट्रॉबेरीची आठ रोपं मुळाच्या मातीसकट आणली होती. नवरा आत गेला. मोरीत नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला.

मी गोणपाट उतरवून घेतलं. म्हटलं, "तुमचं बरोबर होतं, नाना. मी काल रात्रीच वाचलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मग सकाळी बोलायचं ना. दोघं गेलो असतो. परतीला जागा नाय भेटली, वणीपतोर उभा हुतो."

मला हसू आलं आणि रडूही, आणि मी दोन्ही आवरून कुंड्या धुवायला घेतल्या. दिवा लावून आम्ही दोघांनी रोपं लावली. कुठली कुंडी कुठे, यावर एकदा वाद झाला. या वेळी मी हरले.

अंगणात मधमाश्या फारशा येत नव्हत्या, म्हणून नानांनी काडीला कापूस गुंडाळला आणि रोज सकाळी या फुलावरून त्या फुलावर फिरवू लागले. मीही मुलीचा रंगाचा ब्रश घेऊन दुसऱ्या टोकापासून सुरू करायची. जानेवारीच्या शेवटी पांढरी फळं भरायला लागली, गोल, सरळ. लाल फळं बुलबुलांनी खाऊन टाकली. पांढऱ्यांकडे पाखरांचं लक्षच गेलं नाही. मला मात्र धीर नव्हता. दाणे लाल झाले की नाही ते बघायला मी तासातासानं भिंग घेऊन जायची. दोन फळं घाईनं तोडली, ती काकडीसारखी लागली. मग मी थांबले, तर एक सडलं.

"डोळ्यानं काय बघतीस?" नाना म्हणाले. त्यांनी वाकून फळ न तोडताच नाकाशी धरलं. "हे घे. हे झालं."

खरंच वास येत होता, अननसासारखा. अर्धं त्यांनी खाल्लं, अर्धं मी. ते बराच वेळ चघळत होते.

"अननसच लागतंय की. मग अननसच का नाय लावला?"

त्या हंगामात मूठ-दोन मूठ फळं मिळाली, त्याहून जास्त नाही. मार्चच्या उन्हानं पांढऱ्यांपैकी चार रोपं गेली. हिरवी जाळी बांधली, दुपारी ओलं फडकं टाकलं, तरी गेली. अंबडची नोकरी मिळाली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी आठवड्यातून तीन दिवसांचं काम मिळालं. उरलेले चार दिवस अजून मला जड जातात.

वाचलेल्या दोन रोपांनी पावसाळ्यात वेलासारखे धागे सोडले आणि त्यांना नवी रोपं फुटली. गेल्या महिन्यात नाना म्हणाले, "त्या बाईला चार देऊन येऊ." या वेळी आम्ही दोघं एसटीनं गेलो. बाईनं रोपं हातात घेतली, पांढरं फळ कसं असतं ते ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसली.

"कोण घेईल हो? गिऱ्हाईक म्हणेल, कच्चीच दिली."

तरी तिनं बांधाच्या कडेला ती लावली. मग नानांना तिच्या मिरचीची पानं वळलेली दिसली आणि ते वाफ्यात उकिडवे बसले. ती विचारत होती, ते सांगत होते, मग दोघं मिळून एकेक झाड बघत पुढे सरकले. दोनची बस निघून गेली. पुढची सव्वाचारला होती. तेवढ्या वेळात मी वाफ्यापासून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून वाफ्यापर्यंत तीनदा चालून आले.