वीज जास्त झाली त्या दुपारी

“मॅडम, व्होल्टेजचा काटा अजून वरच चाललाय,” ऑपरेटर गायकवाड म्हणाले.

मी परंडा तालुक्यातल्या एका सबस्टेशनवर ज्युनियर इंजिनिअर आहे. शेजारच्या सोलर प्लांटची वीज आमच्याच लाईनला मिळते आणि दिवसा तिच्यावर शेतातल्या मोटारी चालतात. पण आदल्या दिवशी चांगला पाऊस झाला होता. मोटारी बंद, ऊन मात्र कडक. वीज घ्यायला कोणी नाही, म्हणून व्होल्टेज चढत होतं.

तेवढ्यात गावातल्या महादेव सरांचा फोन आला. ते शाळेत शिक्षक. “मॅडम, आईची ऑक्सिजनची मशीन सारखी बंद पडायलीय. स्टॅबिलायझर लाईटच घेईना. सिलिंडर लावलाय, पण तो किती पुरंल?”

मी टॅप खाली घ्यायला सांगितला. टॅप म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून निघणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय. काटा उतरला. “चालू झाली,” सरांनी कळवलं.

मग ढग आला. प्लांटची वीज एकदम घसरली आणि टॅप तर खाली आणलेला. व्होल्टेज पार बसलं. मशीन पुन्हा बंद. टॅप वर घ्यावा, तर ढग सरकताच व्होल्टेज पुन्हा चढणार. टॅप एकेक पायरीनं सरकतो. ढग थांबत नाही.

“फीडर बंद करू का?” गायकवाडांनी विचारलं, म्हणजे गावाची सगळी लाईनच.

“मग मशीनला लाईट कुठून देणार?”

मी प्लांटच्या मॅनेजरना फोन लावला.

“जनरेशन निम्म्यावर आणा. हळूहळू, एकदम नको.”

“हेड ऑफिसला विचारावं लागंल, मॅडम.”

“विचारा, पण आधी कमी करा. या लाईनवर एक म्हाताऱ्या बाई ऑक्सिजनवर आहेत.”

“करतो.”

ते वीज कमी करत गेले, गायकवाड टॅप एकेक पायरी वर घेत गेले. पुढचा ढग आला तेव्हा घसरायला सोलरची वीजच कमी होती; काटा थोडासाच हलला.

सरांचा फोन येईना. शेवटी मीच केला.

“चालू हाय, मॅडम. आईला आत्ताच डोळा लागला.”

मी खुर्चीत बसले, तेव्हा कळलं की इतका वेळ उभीच होते.

पुढं प्लांटची वीज लाईनला देणाऱ्या इन्व्हर्टरचं सेटिंग बदलून घेतलं. व्होल्टेज चढलं की आता ते आपोआप आवरतं घेतात. मी एवढंच शिकले: ज्या विजेला गिऱ्हाईक नाही, ती आधी कमी करायची. टॅपला हात नंतर.