कार्ड नवं, बाजा जुना

नितीन डोक्यावर बसलाय म्हणून लिहितोय. मला हौस नाही. चौथी शिकलेला माणूस मी, चाळीस वर्षं ट्रम्पेट फुंकलं, पेन कधी धरलं नाही. नितीन म्हणतो, "मास्तर, तुम्ही सांगता तेव्हा लोक हसतात, तर लिहून ठेवा." लोक मला हसतात, हे त्याला कळत नाही. असो. बाजात थुंकी साठते तसे किस्से साठतात. मधूनमधून झटकावे लागतात, नाहीतर सूर फाटतो.

नितीन म्हणजे आमच्या नाशिकच्या बँडच्या मालकाचा मुलगा. मालक थकले आणि हा बी.कॉम. गादीवर बसला. दोन हजार सात-आठचा काळ. गल्लोगल्ली डीजे आलेले. आमच्या शेजारचे दोन बँड बंद पडले, त्यांचं पितळ मोडीत गेलं. "ही लगीनसराई नीट वाजली तर राहू, नाहीतर आपलंही पितळ त्याच वाटेनं," असं नितीननं आम्हा सोळा जणांना तोंडावर सांगितलं. खोटं नव्हतं.

त्या साली सगळ्यात मोठं लग्न लंडनहून ठरलं. समीर नावाचा नाशिकचाच मुलगा, तिकडे नोकरीला. डिसेंबरात बहिणीचं लग्न. सगळं बोलणं मेलवर. त्यासाठी नितीननं डाळिंबाच्या दाण्याएवढ्या बटणांचा फोन घेतला. मेल त्यातच, सुपाऱ्यांच्या तारखांचं कॅलेंडर त्यातच. बुकिंगची वही माळ्यावर टाकली.

मी म्हटलं, "वही कधी रेंजच्या बाहेर जात नाही."

ऐकतो कोण.

*

पहिला दणका पेठ गावी बसला. हळदीला वाजवायला गेलो तर घाट ओलांडल्यावर फोनची रेंज गेली. समीरचा मेल यायचा होता, हो-नाही तिथल्या तिथे कळवायचं होतं. नितीन आधी टेम्पोच्या टपावर चढला, मग शाळेच्या गच्चीवर.

खालून एक म्हातारा म्हणाला, "पोरा, उतर खाली. ह्या कंपनीचं इथं कायबी येत नाय. त्या दुसरीचं येतं. तेबी त्या टाकीपाशी. तेबी वारा नसला तर."

नाशिकला परतल्यावर मेल दिसला. समीरनं लिहिलं होतं, संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर डीजे सांगतो. संध्याकाळ होऊन तासभर झाला होता. नितीननं हातापाया पडणारं उत्तर लिहिलं आणि लग्न वाचलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मास्तर, कंपनी बदलायची."

*

कॉलेज रोडच्या दुकानात मला बरोबर नेलं. तिथे टाय लावलेला एक माणूस. म्हणाला, "नंबर बदलेल. पण मेल तोच राहील, कॅलेंडर तेच राहील."

मी विचारलं, "घर बदललं आणि पत्ता तोच, हे कसं?"

"काका, मेल हवेत असतो."

"मग हे सिमकार्ड कशाला देता?"

तो नितीनकडे बघून म्हणाला, "काकांना खुर्ची द्या."

*

नंबर बदलला म्हणजे मोठ्या ढोलावरचाही बदलायला हवा. पेंटर आला. नितीननं नव्या नंबराखाली मेलचा पत्ताही लिहायला सांगितला. पेंटरनं कागद उभा धरला, आडवा धरला, मग विचारलं, "शेठ, ही मधली जिलबी तशीच काढू, की काही चुकलंय?"

काढली त्यानं. इतकी सुरेख काढली की पुढच्या वरातीत एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही जेवणाचंही काम घेता का?"

*

नवं कार्ड टाकलं त्या दिवशी नितीन बाहेर गेला. फोन बँडच्या खोलीत चार्जिंगला. जाताना युसुफला, आमच्या साइड ड्रमवाल्याला, सांगून गेला, "दोन तासांत सिंक व्हायला पाहिजे. झालं का बघून ठेव."

संध्याकाळी आल्याआल्या विचारलं, "सिंक झालं?"

"एकदम चकाचक," युसुफ म्हणाला. "दो बार घासलं. खाली पाइप तुंबला होता, तोबी काढला."

नितीन डोकं धरून खाली बसला. युसुफ मला हळूच म्हणाला, "मास्तर, इतनी मेहनत की, और ये रो रहा है."

पण फोन उघडला तर सगळ्या तारखा जागच्या जागी. समीरच्या बहिणीच्या लग्नाचा नवा मेलही आलेला. बाजा दुपारी एक वाजून पाचला.

मी म्हटलं, "मंडपवाला तर गोरज मुहूर्त म्हणत होता. गाई काय दुपारी जेवायला घरी येतात?"

नितीन म्हणाला, "मास्तर, तुमचं ऐकू की फोनचं?"

*

गेलो. औरंगाबाद रोडचं लॉन्स. कडक इस्त्रीचे ड्रेस, चकचकीत पितळ, सोळा माणसं. समोर मंडपाचे बांबू. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. माणूस नाही.

नवरीचे मामा भास्करराव खोलीतून धावत आले. गळ्यात टॉवेल, एका गालाला दाढीचा साबण. आले ते थेट माझ्यावर. "सहा पस्तीसचा मुहूर्त आणि बाजा एक वाजता? सगळ्या नाशकाला माहितीये, तुम्ही कंपन्या बदलत फिरताय. चौथी पास माणसाला मास्तर केलं की हेच व्हायचं. चला, निघा. मी डीजे सांगतो."

खिशातून फोन काढलाही त्यांनी. मंडपवाले शिडीवरून बघत होते. आमचे बाकीचे पंधरा जण माझ्याकडे.

नितीननं आपला फोन पुढे केला. "मामा, हा मेल तुमच्या भाच्याचा आहे. नाशकात सहा पस्तीस होतात तेव्हा लंडनला एक वाजून पाच. त्यानं तिकडचंच लिहून पाठवलं."

भास्कररावांनी बघितलंसुद्धा नाही. डीजेचा नंबर लावत होते.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. आतून समीरच्या लंडनच्या ऑफिसातली आठ माणसं उतरली. कुडते घातलेले गोरे साहेब, दोन मडमा साडीत. आठही जणांच्या हातात तसलेच फोन. तोच मेल. घड्याळात बरोबर एक वाजून पाच.

स्वागताला फूल नाही, पाणी नाही, बसायला खुर्ची नाही. आणि मामा अर्ध्या साबणात.

मी कोणाला विचारलं नाही. बाजा तोंडाला लावला. युसुफनं काडी टाकली आणि सोळाच्या सोळा सुरू झालो. साहेब लोक फाटकातच नाचायला लागले. मंडपवाले शिडीवरून उतरून त्यांच्यात घुसले. गोरज होईपर्यंत आम्ही थांबलो नाही. तिथल्या तिथे नितीनच्या फोनमध्ये तीन लग्नांच्या तारखा पडल्या. बँड राहिला, अजून आहे.

नितीननं त्याच आठवड्यात माझी माफी मागितली. वेळ त्याच्या कार्डानंच बिघडवली असं धरून टायवाल्याला मी मनात पंधरा दिवस शिव्या दिल्या होत्या, दुकानात जाऊन त्याची मी मागितली.

आणि त्या दुपारी, पहिलं गाणं संपता संपता, एक माणूस टॉवेलनं गाल पुसत साहेबांच्या पुढे गेला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाला, "स्पेशल वेलकम. आय कॉल्ड बँड अर्ली. ओन्ली फॉर यू."

भास्करराव.