खोका, मिस्त्री!

"कान पाठीवर ठेवा रे!" असं म्हणत आमचे मिस्त्री बोटाने आपल्याच पाठीवर टकटक करून दाखवायचे. खो-खोत खो मागून येतो, तेव्हा बसणाऱ्याने पाठीनेच ऐकावं, असं त्यांचं म्हणणं.

पिंपरीत नवा कारखाना निघाला तेव्हाची गोष्ट. ते सुतारखात्यात होते आणि सुट्टी झाली की आमच्या संघाला शिकवायचे. संघात मीही होतो. खो-खोत एक जण पाठलाग करतो आणि आठ जण बसतात. मला कशासाठी घेतलं होतं, हे तुम्ही ओळखलंच असेल.

मिस्त्रींना दमा होता. त्यात लाकडाचा भुसा. त्यांचा पहिला ठसका हुबेहूब कुणी 'खो!' म्हटल्यासारखा सुटायचा. सरावाला आम्ही हसून सोडून द्यायचो.

एकदा चाकणच्या गड्यांशी सामना होता. माझ्या मागे, मैदानाच्या कडेला मिस्त्री खोकले आणि मी ताडकन उठलो. चाकणचा पळणारा गडी दचकला, वळला आणि नेमका आमच्या माणसाच्या हाती लागला.

"म्हातारा मुद्दाम खोकतोय!" चाकणकरांनी एकच गलका केला.

पंचांनी तो बाद रद्द केला आणि मिस्त्रींना म्हणाले, "तुम्ही तिकडे सडकेवर जाऊन बसा." सडकेवर मालमोटारींचा धुरळा. तिथून खेळही दिसत नव्हता.

"नाही खोकणार, साहेब. एवढा डाव बघू द्या," मिस्त्री म्हणाले, आणि टॉवेलचा बोळा तोंडात धरून बसले.

थोड्या वेळाने माझी जागा बदलली. आता माझं तोंड त्यांच्याकडे होतं. त्यांच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, चेहरा काळानिळा पडत चालला होता. मागून मला खरा खो मिळाला म्हणतात. मला काही ऐकू आलं नाही.

"मिस्त्री, खोका!" मी ओरडलो. "खोका हो!"

खेळ थांबला. सगळ्यांच्या आधी पाण्याचा तांब्या घेऊन धावला तो चाकणचा कप्तान. त्याने पाठ चोळली, मिस्त्री पोटभर खोकले. मग तो पंचांना म्हणाला, "दादा, आज 'खो' नगंच. 'ऊठ' म्हनू. आमी बी आन् त्ये बी. मिस्त्रीस्नी बसू द्या हितंच."

पंचांनी नियमांची चोपडी चाळली आणि मुकाट्याने खिशात घातली.

मग जो काही खेळ झाला! चाकणच्या एकाला मागून "ऊठ" आलं, तर तो म्हणतो, "का?" तरी आम्हीच हरलो. त्यात माझा वाटा किती, ते विचारू नका.

त्यानंतर मिस्त्री मैदानावर आले नाहीत. पावसाळा सरायच्या आत गेले.

त्या दिवशी सामना संपल्यावर त्यांना दापोडीच्या गाडीत बसवायला आम्ही निघालो, पण त्यांचा हात होता चाकणच्या कप्तानाच्या खांद्यावर. दर दहा पावलांवर थांबून ते त्याला खांबापाशी हुलकावणी कशी द्यायची ते दाखवत होते. दोन वर्षं खपून आम्हाला शिकवलेलं सगळं.

मला राहवलं नाही. "मिस्त्री, तो त्यांच्यातला आहे!"

"असू दे की," ते मागे न बघता म्हणाले. "पाय चुकतोय त्याचा."